मान असलेल्या सोंगट्या

त्या राज्यात दहा गावं होती आणि एक खाण होती. खाणीत लोखंड निघे, आणि लोखंडाच्या शिरांमध्ये मधूनच चुंबकाचा काळा दगड सापडे. खाण राजाची होती, खणणारे हात गावांचे होते. दरवर्षी एका गावातल्या धडधाकट माणसांना घरदार सोडून वर्षभर खाणीत उतरावं लागे. कोणत्या गावाने उतरायचं, हे पटावर ठरे.

पट राजवाड्यासमोरच्या चौकात मांडला जाई. प्रत्येक गावाची एक सोंगटी आणि एक खेळणारा. कवड्या टाकायच्या, दान पडेल तितकी घरं चालायचं, आणि ज्याची सोंगटी मधल्या घरात सर्वांत शेवटी पोचेल ते गाव खाणीत. कवड्यांना कोणी आपलं नव्हतं आणि कोणी परकं नव्हतं. हरलेलं गाव रडे, नशिबाला शिव्या घाली आणि भाकरी बांधून निघे. पुढच्या वर्षी ही पाळी दुसऱ्या कुणावर येऊ शकते, एवढा दिलासा त्याला पुरे.

मग एका वर्षी राजमळा हरला. राजमळा म्हणजे राणीचं माहेर. राणीचे दोन्ही भाऊ टोपल्या घेऊन खाणीत उतरले, आणि आपलं न ऐकणारी एक वस्तू आपल्या राज्यात आहे हे राजाच्या प्रथमच ध्यानात आलं. त्याने कवड्या बंद केल्या.

राजवाड्याच्या मागच्या आळीत हौसा नावाची कातारीण राहत असे. लाकूड कातून ती भोवरे, बाहुल्या, पोळपाट-लाटणी करी, आणि तिचा धाकटा भाऊ केरबा त्यांना लाखेचे रंग देई. हौसाचा नवरा लग्नानंतर चारच वर्षांनी गेला होता. केरबाने लग्न केलं नव्हतं. तिशी उलटली तरी तो बहिणीच्याच चुलीवर जेवे. दोघं फारशी बोलत नसत. हातातलं काम एकमेकांकडे सरकवत दिवस काढत.

एके सकाळी प्रधान स्वतः त्यांच्या दारात आला. वाड्यासाठी एक खेळ हवा आहे, असं तो म्हणाला. पट असावा, सोंगट्या असाव्यात, पण कुणीही हात न लावता त्या चालाव्यात. जमेल का, असं त्याने विचारलं, आणि बरोबर आणलेला चुंबकाचा एक दगड ओट्यावर ठेवला. ओट्यावरचे दोन खिळे सरकत जाऊन त्याला चिकटले.

हा खेळ कशासाठी हवा आहे, असं हौसाने विचारायला हवं होतं. पण खिळे सरकताना पाहिले त्या क्षणी तिच्या डोक्यात दुसराच प्रश्न शिरला होता, आणि तो एकदा शिरला की बाकीच्यांना जागा उरत नसे. कसं करायचं?

तिने आधी शिसवी फळीचा पट केला. सोंगटीच्या बुडाशी खिळ्याचं डोकं बसवलं आणि फळीखालून चुंबक फिरवला. सोंगटी ढिम्म राहिली. फळी बोटभर जाड होती, ओढ तिच्यातून वर पोचत नव्हती. तिने फळी तासून पातळ केली, तेव्हा सोंगटी हलली, पण दोन दिवसांत फळी पापडासारखी वाकली. मग तिने काळ्या दगडाची पातळ लादी घासून घासून आरशासारखी केली. त्या लादीवर सोंगटी चालू लागली, मात्र चालणं अडेल बैलासारखं होतं. आधी अडून राही, मग एकदम दोन घरं उडी मारी. केरबाने सोंगटीच्या बुडाला शिंगाची चकती लावून तिच्यावर मेण चोळून दिलं, आणि उडी थांबली. त्यानंतर असं दिसलं की एक सोंगटी ओढली की शेजारचीही निघते. हौसाने घरांमधलं अंतर चार बोटं वाढवलं.

शेवटची अडचण खालच्या माणसाची होती. पटाखाली बसलेल्याला वरचं काही दिसणार नाही, मग कोणतं घर कुठे हे त्याला कळणार कसं? हौसाने लादीच्या खालच्या अंगाला प्रत्येक घराखाली छिन्नीने खूण कोरली, कुठे एक रेघ, कुठे दोन, कुठे फुली. केरबाने डोळे मिटून बोटांनी त्या खुणा वाचल्या आणि चुंबक फिरवला. वर लाल सोंगटी पटाच्या कडेवरून निघून मधल्या घरात जाऊन उभी राहिली, एखादी नवरी बोहल्यावर यावी तशी. बहीणभाऊ एकमेकांकडे पाहून हसले. गेल्या कित्येक वर्षांत ती दोघं अशी हसली नव्हती.

पट घेऊन जाताना प्रधानाने केरबालाही नेलं. खेळ नीट चालतो की नाही हे पाहायला माणूस लागेल, असं त्याने सांगितलं.

पंधरा दिवसांनी चौकात गावं जमली आणि हौसाने गर्दीतून आपला पट पाहिला. तो उंच चौरंगावर ठेवला होता आणि चौरंगाला चारी बाजूंनी जमिनीपर्यंत रेशमी कापड सोडलं होतं. सज्जात जरीच्या पडद्याआड राजाची बैठक होती. प्रधानाने नवा नियम वाचून दाखवला. कवड्या माणूस टाकतो, म्हणून त्यात लबाडी येते. यापुढे पट स्वतः कौल देईल. खेळणाऱ्याने आपल्या सोंगटीवर वीतभर अंतर ठेवून तळहात धरावा आणि मन निर्मळ ठेवावं. ज्या गावाचं मन निर्मळ, त्याची सोंगटी आपोआप चालेल. सोंगटीला स्पर्श करणाऱ्याचं गाव हरलं असं समजावं.

दहा जणांनी तळहात धरले. सोंगट्या चालू लागल्या तशी म्हातारीकोतारी माणसं हात जोडून उभी राहिली. राजमळ्याची सोंगटी सर्वांआधी पोचली. सर्वांत शेवटी राहिली ती खालच्या झरीची. खालच्या झरीच्या लोकांनी त्या वर्षी वाड्याकडे एक मागणं केलं होतं, की खाणीत मेलेल्यांची नावं वाड्याच्या दरवाजावर लिहावीत.

त्या संध्याकाळी केरबा घरी आला आणि जेवला. हौसाने ताटं उचलताना विचारलं, की कापडाआड तूच होतास ना.

"अक्का, मला खालून सोंगट्या दिसत नाहीत," केरबा म्हणाला. "नुसत्या खुणा लागतात बोटांना. बाहेरून काठीची टकटक येते, तेवढी घरं मी हात सरकवतो. वर कोण हरलं ते मला तुझ्याइतकंच उशिरा कळतं."

हौसाने ते उत्तर चालवून घेतलं, कारण तिच्याजवळ स्वतःसाठी याहून बरं उत्तर नव्हतं. तिने तर फक्त पट केला होता. दुसऱ्या वर्षीही खालची झरीच हरली, आणि ती चौकातून लवकर निघून आली.

तिसऱ्या कौलाला महिना होता तेव्हा एक म्हातारी दुधी भोपळा काखेत घेऊन तिच्या दारात उभी राहिली. तिचं नाव आवडाबाई. खालच्या झरीची सोंगटी दोन्ही वर्षं तिच्याच तळहाताखाली होती. तिचे दोन मुलगे खाणीत होते. धाकट्याचा खोकला आता खाणीच्या तोंडापर्यंत ऐकू येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

ती तक्रार घेऊन आली नव्हती. शिकायला आली होती. तळहात नेमका कसा धरायचा ते दाखव, असं तिने हौसाला विनवलं. सारं गाव तिच्याकडे पाहत होतं, आणि त्यांचं पाहणं खोटं नव्हतं, कारण खोट तिच्याच मनात असणार. तिने मीठ सोडलं होतं. नऊ दिवसांचे उपास केले होते. अकरा वर्षं तिचा जावेशी अबोला होता. तेच किल्मिष आड येत असेल म्हणून ती स्वतः जावेच्या दारात गेली होती आणि तिच्या पाया पडून आली होती.

"तरी माझ्या मनात कुठंतरी काहीतरी राहिलंय," आवडाबाई म्हणाली. "तू पट केलास. मन कुठं अडतं ते तुला ठाऊक असेल."

हौसा आत गेली आणि सुरुवातीला घासलेली लादी, एक जुनी सोंगटी आणि चुंबकाचा तुकडा घेऊन आली. लादी दोन पाटांवर आडवी ठेवून तिने सोंगटी वर ठेवली, आणि खालून चुंबक फिरवला. सोंगटी चालली, वळली आणि परत आली.

आवडाबाईने बराच वेळ पाहिलं. मग तिने चुंबक मागून घेतला, लादीखाली हात घातला आणि स्वतः फिरवून बघितला. सोंगटी तिच्याही हाताने चालली.

"म्हणजे माझ्या मनात काही नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं, मावशी."

"मग जावेच्या पाया उगीच पडले."

ती हसली नाही, आणि हौसालाही हसायचं धाडस झालं नाही. मग म्हातारीने विचारलं, की त्या मोठ्या पटाखाली कोण असतं. हौसा खाली मान घालून म्हणाली, की माझा भाऊ. आता ही थुंकेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर तिला बरंही वाटलं असतं. आवडाबाईने भोपळा उंबऱ्याच्या आत ठेवला, पदर सारखा केला आणि निघताना एवढंच म्हणाली, "विचार त्याला, हात दुखत नाही का म्हणावं."

हौसाने तो निरोप जसाच्या तसा केरबाला सांगितला. केरबा त्या वेळी एका बाहुलीच्या कपाळावर कुंकू रेखत होता. त्याने ते पुरं केलं आणि बाहुली वाळत ठेवली.

तिसऱ्या कौलाच्या दिवशी सोंगट्या नेहमीसारख्या निघाल्या. राजमळ्याची पोचली, मग वाड्याच्या मर्जीतल्या दोन गावांच्या पोचल्या. खालच्या झरीची सोंगटी पटाच्या कडेवर रेंगाळत होती. प्रधानाची काठी जमिनीवर वाजली. तेवढ्यात कापडाआडून धप्प असा आवाज आला, जड काहीतरी फरशीवर पडल्यासारखा. त्यानंतर एकही सोंगटी हलली नाही. प्रधानाने काठी पुन्हा वाजवली, मग आणखी जोरात वाजवली. दहा तळहात हवेत तसेच राहिले. सावल्या चौकभर लांबल्या तरी पट जागचा हलला नाही.

अखेर प्रधानाने जाहीर केलं की पट यंदा मौन आहे, म्हणून गेल्या वर्षीचंच गाव खाणीत राहील. गर्दीत कुजबुज उठली. ती पूर्वीसारखी नव्हती, आणि ते हौसाला जाणवलं. आवडाबाई रडत नव्हती. ती कापडाच्या खालच्या कडेकडे एकटक पाहत उभी होती.

केरबा त्या दिवशी घरी आला नाही. त्याला मागच्या दाराने खाणीत पाठवलं होतं. तो पुढे वर्षभराने परत आला, उजव्या हाताची दोन बोटं घालवून आला, आणि उरलेल्या बोटांनी बाहुल्यांची कपाळं पूर्वीइतकीच नीट रेखू लागला. पण ते नंतरचं. त्या वेळी हौसाला एवढंच कळलं होतं की भाऊ जमिनीखाली आहे आणि चुलीवर एकाच माणसाचा स्वयंपाक आहे.

आठवड्याने तिला वाड्यात बोलावणं आलं. या वेळी राजा स्वतः तिच्यासमोर बसला होता. तो आवाज न चढवता, जवळजवळ मायेने बोलला. पट लहान आहे, असं तो म्हणाला. लोक लांबून पाहतात आणि शंका घेतात. आता चौकाच्या मधोमध बारा हातांचा पट हवा, हातभर उंचीच्या सोंगट्या हव्यात, आणि चुंबक असा हवा की त्याच्या ओढीपुढे कुणाचं काही चालू नये.

हौसाने सांगितलं, की हे काम माझ्याने व्हायचं नाही. प्रधान बाजूला उभा होता. त्याने आठवण करून दिली, की खाणीत भाकरी वाटण्याचं काम वाड्याकडेच असतं.

मग हौसाने कामाचं विचारलं. बारा हातांच्या पटाखाली बसून कसं चालेल? माणसाला पाठीवर निजून सरकावं लागेल. त्याला चाकांची फळी लागेल. फळीवर कोण निजणार, त्याच्या मापाने ती करावी लागेल.

"माप माझं घे," राजा म्हणाला. "परक्या हाताचा अनुभव घेऊन झाला. आता हात माझाच असेल."

त्याने मनगट पुढे केलं. चुंबक हातातून सुटता कामा नये, असं तो पुढे म्हणाला. गेल्या खेपेला तेवढ्यानेच घात झाला. म्हणून त्याला चामड्याचा पट्टा हवा, आणि पट्ट्याचं कुलूप असं हवं की ते एका हाताने उघडणार नाही. हौसाने सुताने मनगटाचं माप घेतलं. मनगट गरम होतं आणि नाडी शांत होती. केरबाच्या मनगटाहून ते एक दोरा बारीक भरलं. तिला आजवर भीती वाटत आली होती. त्या क्षणी भीतीच्या जागी काहीतरी थंड आणि टणक येऊन बसलं, आणि त्याबरोबर कसं करायचं हा तिचा जुना प्रश्न परत आला.

"महाराज, मोठी ओढ हवी तर सोंगटीतही तेवढंच लोखंड हवं," ती म्हणाली. "खिळ्यावर भागणार नाही. सोंगटी आतून भरीव लागेल."

राजाने मान डोलावली. लोखंडाला त्याच्याकडे तोटा नव्हता.

हौसा पाच महिने त्या पटावर खपली. लादी तिने मजबूत पण होईल तितकी पातळ ठेवली. सोंगट्यांच्या पोटात लोखंडाचे गोळे भरले आणि वर लाकडाची कातीव खोळ चढवली. जुन्या पटावरच्या सोंगट्या बसक्या होत्या, पालथ्या वाटीसारख्या, गुळगुळीत. त्यांना धरायचं म्हटलं तर बोट घसरे. या सोंगट्यांना तिने रुंद बूड दिलं, वर डोकं दिलं, आणि मधे मूठ बसेल अशी मान कातली. मानेवर तिने लाख चढवली नाही. लाकूड कोरडं, थोडं खरखरीत राहू दिलं.

प्रधान काम पाहायला आला तेव्हा त्याने एक सोंगटी हातात घेऊन फिरवली.

"हिला मान कशाला?" त्याने विचारलं.

"बरी दिसते," हौसा म्हणाली.

प्रधानाला त्यात आक्षेपार्ह काही सापडलं नाही.

सोंगटीचा रंग त्या त्या गावाने निवडावा असा जुना रिवाज होता. कवड्या बंद झाल्या तरी तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. हौसा दहा सोंगट्यांचं गाठोडं गाढवावर लादून गावोगाव निघाली. प्रत्येक गावात ती खेळणाऱ्याला भेटे, रंग विचारी, आणि मग सोंगटी त्याच्या हातात देऊन म्हणे, की धरून बघा, मान मुठीत नीट बसते का. याहून एक शब्द ती जास्त बोलत नसे. काहींनी धरून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. काहींनी बराच वेळ धरून ठेवली. काठवाडीचा खेळणारा उमाजी तिच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, की वजनदार आहे. हौसा म्हणाली, की आहेच. राजमळ्याच्या खेळणाऱ्याने सोंगटीला हातच लावला नाही. नियमाला धरून नाही, असं त्याने तिला बजावलं.

खालच्या झरीला ती सगळ्यांत शेवटी गेली. आवडाबाईच्या अंगणात तिची जाऊ धान्य निवडत बसली होती, म्हणजे बोलणं सुरूच राहिलं होतं. हौसाने म्हातारीला पटाची रचना सांगितली, फळीची चाकं सांगितली आणि पट्ट्याचं कुलूप सांगितलं. खाली कोण असेल तेही सांगितलं.

"ओढ एकाच बाजूने नसते, मावशी," ती म्हणाली. "खालचा वरच्याला ओढतो, तेव्हा वरचाही खालच्याला ओढत असतो. आजवर वरचं कुणी धरलं नव्हतं, एवढंच."

धरलं तर गाव हरलं असं ठरवतील, हे दोघींनाही ठाऊक होतं. आवडाबाई म्हणाली, की गाव हरलेलंच आहे. त्यामुळे हात लावायचा हक्क सगळ्यांत जास्त आमचाच.

चौथ्या कौलाला चौक कधी नव्हे इतका भरला. पट कमरेएवढ्या उंचीवर होता आणि भोवती जमिनीपर्यंत निळं कापड होतं. सज्जातला पडदा सोडलेला होता. त्याच्या दोन्ही अंगांना शिपाई उभे होते आणि त्यांचे डोळे सवयीने पडद्याकडे लागले होते. दहा खेळणारे पटाभोवती उभे राहिले. हौसा गर्दीत तिसऱ्या रांगेत होती.

काठी वाजली. राजमळ्याची सोंगटी डौलात निघाली आणि मधल्या घरात पोचली. मग खालच्या झरीची सोंगटी हलली, ती पुढे नव्हे, मागे. ती कडेकडे ओढली जाऊ लागली. पहिल्या क्षणापासूनच हरवायचं ठरलेलं होतं, आणि या खेपेला ते लपवायची तसदीही घेतलेली नव्हती.

आवडाबाईने तळहात खाली आणला आणि सोंगटीची मान धरली.

प्रधान म्हणाला, की स्पर्श झाला, गाव हरलं. आवडाबाईने ऐकलं आणि मूठ आवळली. सोंगटी थांबली. खालून तिला हिसका बसला, म्हातारीचा खांदा हलला, तिने दुसरा हातही मानेवर ठेवला. मग तिने सोंगटी वीतभर आपल्याकडे ओढली. ती आली, पण जड आली. तिच्यासोबत खालून आणखी काहीतरी येत होतं. परत हिसका बसला आणि म्हातारी पटावर वाकली.

उमाजीने आपली सोंगटी मानेला धरून उचलली, पटावरून सरळ चालवत नेली आणि खालच्या झरीच्या सोंगटीला खेटून ठेवली. दोन्ही सोंगट्या लादीला घट्ट बसल्या. त्याच्या शेजारचा थोडा घुटमळला, मग त्यानेही तेच केलं. चौथीने केलं. पाचव्या गावाचा खेळणारा म्हातारा होता, त्याचे हात कापत होते. त्याच्या गावातलं कुणीतरी गर्दीतून पुढे आलं आणि त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. लोखंडाला लोखंड मिळत गेलं. नऊ सोंगट्या एका जागी गोळा झाल्या, तेव्हा राजमळ्याची सोंगटी कुणी न धरताच मधल्या घरातून घसरत आली आणि त्यांना जाऊन चिकटली. तिच्या मागोमाग तळहात हवेत धरून राजमळ्याचा खेळणाराही चालत आला.

प्रधान शिपायांवर ओरडला. शिपाई हुकुमासाठी पडद्याकडे पाहू लागले. पडदा हलला नाही. हुकूम पडद्याआडूनच येतो, प्रधानाकडून नव्हे, असं त्यांना भरती झाल्यापासून शिकवलेलं होतं. पडद्याआड कोणी का नाही, हे प्रधानाला माहीत होतं, आणि चारचौघांत ते सांगण्याची त्याला सोय नव्हती.

आवडाबाई मागे सरकू लागली. तिच्यासोबत आणखी आठ गावांच्या मुठी सरकल्या. सोंगट्यांचा तो पुंजका मधल्या घराकडे गेला नाही. मधलं घर दूर राहिलं, मग घरांच्या रेघा संपल्या, आणि पुंजका पटाच्या कडेकडे येऊ लागला. लादीखालून चाकांची घरघर ऐकू येत होती. कापड एका जागी फुगलं. ते फुगलेलं ठिकाण सोंगट्यांबरोबर पुढे पुढे येत राहिलं.

सोंगट्या कडेशी पोचल्या तेव्हा निळ्या कापडाखालून आधी जरीचे जोडे बाहेर आले. मग कापड वर सारलं गेलं आणि चाकांच्या फळीवर उताणा पडलेला राजा अर्धा बाहेर आला. त्याचा मुकुट घरंगळून कानाशी आला होता. उजवा हात वर ताठ होता, पट्ट्याने चुंबकाला आवळलेला, आणि चुंबक लादीच्या बुडाला चिकटलेला. डाव्या हाताने तो कुलूप चाचपत होता. ते एका हाताने उघडणारं नव्हतं.

कोणी हसलं नाही. कोणी दगड उचलला नाही. दहा गावं त्या हाताकडे पाहत राहिली.

आवडाबाईने एकदा वाकून खाली पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली आणि मुठीतली सोंगटी थोडी डावीकडे नेली.

राजाचा हात डावीकडे गेला.